वाकड्या शिंगाचा हक्क

जानेफळला मी जनावरांची डॉक्टर म्हणून रुजू झाले तेव्हा माझ्या वाट्याला चौदा गावं, एक स्कूटी आणि एक फोन आला. तिन्हींत फोनचा त्रास सगळ्यात जास्त होता.

"मॅडम, ढोर बिमार हाये."

"काय होतंय त्याला?"

"काईच नाई होऊन राह्यलं."

"मग आजारी आहे कशावरून?"

"म्हनून तं फोन केला ना. काईच करत नाई थे."

मी मूळची सांगलीकडची. पहिले सहा महिने मला वाटायचं की माझी भाषा कमी पडते. मग लक्षात आलं की समोरच्याचीही तेवढीच कमी पडत होती. सूज कुठे आहे विचारलं की उत्तर यायचं, "हे इथं." इथं म्हणजे कुठं, तर "हे काय, इथंच." मी अकरा किलोमीटर जायचे आणि मानेच्या औषधाची पिशवी घेऊन खुरापाशी बसायचे.

हा घोटाळा माझ्या आधी धम्मशीलेला कळला. धम्मशीला म्हणजे दवाखान्याच्या शेजारी ऑनलाइन सेंटर चालवणारी बाई. वय अडतीस. सातबारा काढून देणं, फॉर्म भरणं, झेरॉक्स, लॅमिनेशन ही तिची रोजची कामं. मेहकरच्या कॉलेजात ती कॉम्प्युटर शिकली होती आणि शिकलेलं विसरली नव्हती. नवरा नागसेन मेहकर आगारात कंडक्टर. आई गेल्यावर वडील एकटे पडले म्हणून हे दोघं जानेफळलाच त्यांच्याजवळ राहायला आले होते.

ज्यांच्या फोनमध्ये माझा नंबर नव्हता, ते तिच्या दुकानात येऊन फोन लावायचे. ती फॉर्म भरता भरता ऐकायची. एक दिवस दुपारी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मॅडम, तुमी त्यायले कुठं कुठं म्हनून विचारता. ते सांगतेत बरोबर. पन हातानं सांगतेत. आताच एक जन माह्या दुकानात सोताच्या मानेवर हात ठेवून इथं इथं म्हने. फोनले हात दिसत नाई."

मी म्हटलं, "मग काय करायचं?"

"पाहू," ती म्हणाली, आणि गेली.

तिनं मोबाइलचं अ‍ॅप बनवायला घेतलं. पहिल्या खेपेला बेचाळीस आजारांची यादी केली. ती यादी कुणी वाचली नाही. ज्यांनी वाचली त्यांनी पहिल्याच नावावर बोट ठेवलं, म्हणून आठवडाभर माझ्याकडे नुसती घटसर्पाची जनावरं येत राहिली. मग तिनं यादी टाकून दिली आणि पडद्यावर एकच गोष्ट ठेवली, एक बैल. जिथं दुखतं तिथं बोट ठेवायचं. तेवढा भाग लाल होतो. मग तीन प्रश्न: चारा खाते का, रवंथ करते का, किती दिवस झाले. बस. ते सगळं माझ्या फोनवर यायचं, गावाच्या आणि मालकाच्या नावासकट.

बैलाचं चित्र तिच्या वडिलांनी काढलं. कचरूभाऊ, वय एकाहत्तर, पण गावात अजूनही सगळे त्यांना पेंटरच म्हणतात. मेहकर ते चिखली रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या त्यांनी चाळीस वर्षं रंगवल्या. फ्लेक्स आला तेव्हा पाट्या गेल्या. त्यांनी तक्रार केली नाही. ब्रश धुऊन ठेवले.

लेकीनं सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "कोनता बैल काढू?"

"कोनताबी काढा बाबा."

"कोनताबी असा बैल नसते."

म्हणून ते वामनरावांच्या गोठ्यात गेले. वामनराव म्हणजे चाळीस एकरांचे शेतकरी, आणि मोरक्या हा त्यांचा लाडका बैल. मोरक्याचं डावं शिंग लहानपणी झुंजीत मोडलं होतं आणि मग वाढताना खाली डोळ्याकडे वळलं होतं. कचरूभाऊंनी तासाभरात तो जसा होता तसा काढला, वाकड्या शिंगासकट. लेकीनं फक्त एक दुरुस्ती सांगितली. खूर मोठे करा. शेतकऱ्याचा अंगठा मोठा असतो, लहान खुरावर बसत नाही. त्यांनी खूर मोठे केले. बैलानं बूट घातल्यासारखे दिसायला लागले. लोकांना मात्र काही खटकलं नाही.

त्या एका तासाच्या चित्रामागे धम्मशीलेचं दोन वर्षांचं काम होतं. कुठे बोट ठेवलं की किती भाग लाल व्हावा, जू बसतं ती खांद आणि मान वेगळी कशी ठेवावी, पोट डाव्या बाजूनं फुगलं तर कसं दाखवावं, म्हातारा माणूस चुकून दोनदा दाबतो त्याचं काय करावं. ती दुकानात आलेल्या प्रत्येकाच्या हातात फोन द्यायची आणि काही न बोलता बघत राहायची. कोण कुठं अडलं ते वहीत लिहायची. लंपीची साथ आली त्या वर्षी त्या बैलावर इतकी बोटं फिरली की माझ्या फोनवर रोज पन्नास लाल बैल यायचे. मी त्यातले खरोखर गंभीर कोणते ते ओळखून आधी तिकडे जायचे. किती जनावरं त्यामुळे वाचली ते मी मोजलं नाही. पण ज्यांची वाचली त्यांनी मोजलं.

मग गजेंद्र आला. पुण्याच्या एका कंपनीचा माणूस, पण मूळ खामगावकडचा, बोलायला गोड. कंपनी जनावरांसाठी अ‍ॅप काढणार होती, त्यासाठी तो गावोगाव माहिती घेत फिरत होता. दोन दिवस तो धम्मशीलेच्या दुकानात बसला. तिनं त्याला सगळं दाखवलं. खूर मोठे का, हे त्यानं विचारलं, तेही सांगितलं. यादी का टाकली, तेही सांगितलं. आपल्या कामाबद्दल कुणी दोन दिवस विचारतं आहे, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. जाताना तो म्हणाला, "ताई, तुमचं डोकं पुण्यात पाह्यजे होतं." ते लवकरच तिथं पोचणार होतं.

आठ महिन्यांनी एका सकाळी वामनराव तणतणत आले. हातात कंपनीचं रंगीत पत्रक होतं, मेहकरच्या बियाण्याच्या दुकानातून आणलेलं. ते सरळ कचरूभाऊंच्या पुढ्यात टाकून म्हणाले, "पेंटर, माहा बैल पुन्याले कोनी नेला?"

कचरूभाऊंनी चष्मा लावला. पत्रकावर मोबाइलचा पडदा छापला होता आणि त्या पडद्यावर मोरक्या होता. रंग पांढऱ्याचा तांबूस केला होता. पण शिंग तेच, डोळ्याकडे वळलेलं. पायांत तेच बूट. पोटावर लाल ठिपका.

"बैल तं गोठ्यातच हाये ना?" कचरूभाऊ म्हणाले.

"गोठ्यात हाये. मंग हा कोन?"

"हा बी थोच हाये."

धम्मशीलेनं ते अ‍ॅप फोनवर घेतलं आणि काउंटरमागं उभी राहून पाहिलं. बोट ठेवलं की लाल. मग चारा, मग रवंथ, मग दिवस. प्रश्नांचा क्रम तोच, शब्दही तेच. वरून गुळगुळीत रंग आणि खाली कंपनीचं नाव. एक गोष्ट नवी होती, जनावराच्या श्वासाचा आवाज रेकॉर्ड करून पाठवायचं बटण. तिनं फोन काउंटरवर उलटा ठेवला. मग समोरच्या माणसाला तिनं सातबारा काढून दिला, कारण तो कधीचा उभा होता.

मेहकरला अर्जुनराव नावाचे वकील आहेत. त्यांची ख्याती धुऱ्याच्या भांडणांची. शेताची हद्द कुणी हातभर सरकवली की माणसं त्यांच्याकडे जातात. धम्मशीलाही गेली. कॉपीराइटचं प्रकरण त्यांच्याकडे कधी आलं नव्हतं, आणि त्यांनी ते लपवलं नाही.

"मले पंधरा दिवस द्या," ते म्हणाले. "वाचतो."

पंधरा दिवसांनी आम्ही चौघं गेलो. धम्मशीला, कचरूभाऊ, मी, आणि वामनराव. वामनरावांना कुणी बोलावलं नव्हतं, पण बैल त्यांचा होता.

अर्जुनरावांनी टेबलावर दोन्ही पडदे शेजारी शेजारी ठेवले. "पह्यलं सांगा. जिथं दुखते तिथं बोट ठेवाचं, हे कोनाच्या डोक्यातून निंघालं?"

"माह्या," धम्मशीला म्हणाली.

"छान हाये. पन हे तुमचं नाही."

"काऊन?"

"थे कल्पना झाली. कल्पनेवर कोनाचाच हक्क नाही. आता असं पाहा. विहीर तुमची. त्यातलं पानी तुमचं. पन जमीन खोदली तं पानी लागते, हे काई तुमचं नाही. दुसऱ्यानं आपल्या वावरात खोदलं तं तुमाले त्याले अडवता येत नाही."

"पन सर, त्यानं माह्या विहिरीत पाहून खोदली."

"पाह्याले बंदी नाही."

"आन् मी लिहिलेला प्रोग्राम?"

"तो तुमचा. तुमी लिहिला तसाच त्यायनं उचलला असता तं सोडलंच नसतं त्यायले. पन त्यायनं आपला लिहिला असंन. बाहेरून सारखा, अंदरून वेगळा. प्रश्न तीन, त्यायचा क्रम, पडद्याची मांडनी, यावर भांडता येईन, पन जिंकू असं मी लिहून देत नाही. जनावराच्या डॉक्टरनं हेच तीन प्रश्न इचारले असते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. काय करणार, विचारलेच असते.

मग त्यांनी चित्रावर बोट ठेवलं. "हे कोनी काढलं?"

"म्या," कचरूभाऊ म्हणाले.

"पगारावर होते का पोरीच्या?"

"जेवाले होतो."

"कागदावर काई लिहून देलं तिले?"

"पोरीले काय लिहून देता साहेब."

"मंग चित्राचा हक्क तुमचा. धम्मशीलाबाई, तुमचा बी नाही. यायचा, पेंटरचा." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "आता सांगा पेंटर, खूर एवढे मोठे काऊन?"

"अंगठा बसावा म्हनून."

"हे मंग कामासाठी झालं. कंपनी म्हनंन, आमीबी अंगठ्यासाठीच केले. शिंग वाकडं काऊन?"

"थो बैलच तसा हाये."

"वाकड्या शिंगाचा काई उपयोग? कोनी शिंगावर बोट ठेवते?"

"नाई."

अर्जुनरावांना पहिल्यांदाच बरं वाटलेलं दिसलं. "हे चालते. ज्याचा काई उपयोग नाही, ते दुसऱ्यानं काऊन काढलं? पाहून काढलं, म्हनून काढलं. सरळ शिंगाचा बैल असता तं आपल्या हातात काई नव्हतं."

वामनराव पुढे सरकले. ते म्हणाले, "वकीलसाहेब, शिंग माह्या बैलाचं हाये."

"डोक्यावरचं तुमचं. कागदावरचं पेंटरचं."

"मंग माहा काई हक्क?"

"बैलाले चारा टाकाचा."

कचरूभाऊंनी विचारलं, "हा हक्क कितीक दिवस राह्यते, साहेब?"

"तुमी हायेत तोपावतर. आन् तुमी गेल्यावर साठ वर्षं."

कचरूभाऊ विचारात पडले. त्यांनी रंगवलेली कुठलीच पाटी तीन पावसाळ्यांच्या वर टिकली नव्हती. "साठ जास्त होते," ते म्हणाले. पण कायद्यात कमी करायची सोय नव्हती.

परतीच्या एसटीत धम्मशीला खिडकीशी बसली आणि जानेफळ येईपर्यंत वही चाळत राहिली. दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात आली. मी एका म्हशीला सलाईन लावत होते. तिनं बाटली धरली.

"मॅडम, दोन वर्षं मी केलं. मानसं कशी अडतेत थे पाह्यलं. वही भरली. थे कोनाचंच नाई म्हनतेत. आन् बाबानं एक घंट्यात काढलं, त्यातलंबी जे चुकीचं वाटते, तेवढंच आमचं."

मी म्हटलं, "चुकीचं नाही, मोरक्याचं शिंग तसंच आहे."

"माहीत हाये मले." तिनं बाटली जरा वर धरली. "बाबाचा राग येऊन राह्यला मले. त्यायनं काईच केलं नाई, तरी येऊन राह्यला."

म्हशीनं शेपूट मारली, ती तिच्या खांद्यावर बसली. बाटली तिनं सोडली नाही.

घरी काय झालं ते मला नंतर कचरूभाऊंनी सांगितलं. त्यांनी लेकीला म्हटलं की हक्क तुझ्या नावानं लिहून देतो, मला कशाला पाहिजे. ती म्हणाली, "नको. तुमी काढलं तं तुमचं." एवढंच. पण त्या दिवशी तिनं त्यांना भाकरी दोन जास्त वाढल्या, आणि त्यांनी खाल्ल्या.

चित्राच्या नोंदणीचा अर्ज त्यांनी दिल्लीला ऑनलाइन टाकला. फॉर्म धम्मशीलेनंच भरला, रोजच दुसऱ्यांचे भरते तसा. "कलाकृतीचा निर्माता" या रकान्यात वडिलांचं नाव आणि पुढे व्यवसाय. व्यवसाय काय लिहू, असं तिनं विचारलं. कचरूभाऊ म्हणाले, "पेंटर. रिटायर लिहू नको."

अर्जुनरावांनी कंपनीला नोटीस धाडली. उत्तर चार पानांचं आणि इंग्रजीत आलं. अर्जुनरावांनी ते आम्हाला एका मिनिटात सांगितलं: पहिल्या पानावर नाही म्हटलं आहे, दुसऱ्या आणि तिसऱ्या पानावर कल्पनेवर हक्क नसतो हे सांगितलं आहे, ते आपल्याला ठाऊक आहे, आणि चौथ्या पानावर शिंगाबद्दल काही लिहिलेलं नाही. "शिंगाबद्दल लिहिलं नाही, म्हंजे शिंग दुखून राह्यलं," असं ते म्हणाले.

आठवड्यात धम्मशीलेला पुण्याहून कंपनीच्या साहेबांचा फोन आला. साहेबांचा आवाज मऊ होता. चित्र चुकून आलं असावं, डिझाइन करणाऱ्या टीमला कुठून तरी मिळालं असावं, आम्ही सद्भावनेनं ते बदलतो आहोत, मॅडम तुम्हाला आणखी काही अपेक्षा असेल तर सांगा.

धम्मशीला म्हणाली, "चित्र माह्या वडिलांचं होतं, हे कागदावर लिहून पाठवा."

"बाकी?"

"बाकी वकील म्हनतेत कोनाचंच नाई."

साहेबांनी वडिलांच्या नावाचं स्पेलिंग दोनदा विचारून घेतलं. नाही म्हणायची तयारी करून बसलेल्या माणसाला कारणच मिळालं नाही, तसं काहीसं असावं.

वीस दिवसांत त्यांनी बैल बदलला. घाईत कुठून तरी परदेशी गाय आणली, सपाट पाठीची, वशिंड नसलेली. दुसरबीडकडच्या एका शेतकऱ्यानं बैलाची खांद सुजली म्हणून बोट ठेवायला जागा शोधली आणि सापडेना म्हणून कासेवर ठेवलं. आमच्याकडे या गोष्टीवर बरेच दिवस हसणं चाललं. पण दोन महिन्यांत कंपनीनं चांगला चित्रकार लावला आणि नवा देशी बैल काढून घेतला. तो बैल मोरक्यापेक्षा देखणा आहे, हे मला मान्य करावं लागेल. त्याचे खूरही मोठे आहेत. त्याबद्दल आम्हाला काही म्हणता येत नाही.

कंपनीचं पत्र आलं. त्यात एक ओळ कामाची होती: आधीच्या आवृत्तीतील बैलाचे रेखाचित्र श्री. कचरू यांचे होते, हे आम्ही मान्य करतो. कचरूभाऊंनी ती ओळ माझ्याकडून दोनदा वाचून घेतली, वाचता येत असूनही. चाळीस वर्षांत त्यांनी हजारो नावं रंगवली होती, आणि एकाही पाटीच्या कोपऱ्यात स्वतःचं नाव टाकलं नव्हतं, कारण दुकानदाराला ते आवडत नसे. "नाव बरोबर लिहिलं," एवढंच ते म्हणाले. मग पत्र लॅमिनेट करायला लेकीच्या दुकानात गेले आणि रांगेत उभे राहिले.

मला वाटलं, इथं हे प्रकरण मिटलं. पण धम्मशीला एकटीच पुन्हा अर्जुनरावांकडे गेली. एक प्रश्न विचारायचा होता म्हणाली.

"सर, कल्पना कोनाचीच नाई ना?"

"नाही."

"मंग त्यायच्या अ‍ॅपमदी श्वासाचा आवाज पाठवाचं बटन हाये. लय कामाचं हाये. थे मी माह्यात टाकलं तं?"

अर्जुनरावांनी चष्मा काढून पुसला. धुऱ्याच्या धंद्यात त्यांनी असं कधी पाहिलं नव्हतं. तिथं जो हरतो तो पुढची तीस वर्षं हरलेलाच राहतो. "टाका," ते म्हणाले. "प्रोग्राम आपला लिहा. बटनाचं चित्र आपलं काढा. त्यायचा ठिपकाबी उचलू नका."

तिनं प्रोग्राम लिहिला. तीन महिने लागले, कारण गोठ्यात श्वासाच्या आवाजाबरोबर कोंबड्या, ट्रॅक्टर आणि मालकाची सूचनाही रेकॉर्ड होते. बटणासाठी कचरूभाऊंनी बैलाचा कान काढला. या खेपेला लेकीनं आधी कागद केला आणि त्यावर दोघांच्या सह्या घेतल्या. चित्र बाबांचं, वापर माझा. कचरूभाऊंनी सही करण्याआधी पूर्ण कागद वाचला, आणि एक शब्द बदलायला लावला, 'बाबांचं'च्या जागी 'पेंटरचं'.

परवा मी दुकानात गेले तर दोघांचा वाद चालू होता. आता शेळीचा पडदा करायचा आहे. पार लांबच्या वरवट बकालपासून लोकांचे फोन येतात, शेळीचं काय म्हणून. कचरूभाऊंचं म्हणणं, शेळी उभी राहत नाही, उभी काढली तर ती शेळी वाटणार नाही. धम्मशीलेचं म्हणणं, चालती शेळी काढली तर अंगठा बसणार नाही.

"मंग उडी मारतानी काढतो," कचरूभाऊ म्हणाले.

"बाबा, उडी मारून राह्यलेली शेळी बिमार कशी असंन?"

कचरूभाऊंनी कागद उलटवला आणि पुन्हा पायांपासून सुरुवात केली. मला सांगलीकडच्या आमच्या शेताचा सातबारा काढून हवा होता. बाहेर तीन माणसं उभी होती, म्हणून मी चौथी थांबले.